चौकटीची मालकी

चित्रमालिका काढणाऱ्या कलावंताच्या स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा आशयापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. संपादक आडवा येतो का, कोणाची टर उडवता येते, कोणते विषय वर्ज्य आहेत, हे प्रश्न मोलाचे आहेतच. पण तीच तीन-चार पात्रे घेऊन रोज किंवा दर आठवड्याला मोजक्या चौकटींत गोष्ट सांगणाऱ्या माणसाचे आयुष्य जवळून पाहिले, तर वेगळेच प्रश्न समोर येतात. त्याला विश्रांती कधी घेता येईल, त्याच्या पात्राचा चेहरा कोणाच्या मालाच्या डब्यावर छापला जाईल, तो थकला किंवा गेला तर ते पात्र दुसऱ्याच्या हातून चालू राहील का, या सगळ्याचा निकाल एका जुन्या करारपत्रात आधीच लागलेला असतो. पात्र कोणाच्या मालकीचे, हा स्वतंत्र चित्रमालिकाकाराच्या जगण्यातला मूळ प्रश्न आहे आणि बाकीची स्वातंत्र्ये त्याच्या मागोमाग येतात, असे माझे म्हणणे आहे. ते मी मुख्यतः अमेरिकेतल्या वृत्तपत्रीय कॉमिक स्ट्रिपच्या सव्वाशे वर्षांच्या आधारे मांडणार आहे. हा व्यवसाय तिथे लवकर आणि रीतसर उभा राहिला, तिथले खटले आणि करार नोंदलेले आहेत, आणि तिथे घडलेले बरेच काही आता मोबाइलच्या पडद्यावरून आपल्याही चित्रकारांच्या दारात आले आहे.

सुटे व्यंगचित्र आणि चित्रमालिका यांचा व्यवहार एकसारखा नसतो. मराठी वाचकाला व्यंगचित्राची गोडी लावली ती मुख्यतः दिवाळी अंकांनी. वसंत सरवटे, शि. द. फडणीस यांच्यासारख्यांची चित्रे मुखपृष्ठांवर आणि आतल्या पानांवर आली आणि घरोघरी गेली. तिथे चित्र पूर्ण झाले, अंक निघाला, मानधन मिळाले की व्यवहार बव्हंशी पुरा होतो. चित्र चांगले आहे की नाही हे ते हातात पडताच कळते आणि त्याची किंमतही तेव्हाच ठरते. चित्रमालिकेतले पात्र पहिल्या दिवशी कोणाच्याच ओळखीचे नसते. चार रेषांचा एक मुलगा, एक कुत्रा, एक खडूस शेजारी, एवढेच काय ते असते. वाचक त्याला रोज भेटतो, त्याची खोड ओळखू लागतो, आज तो काय म्हणेल याचा अंदाज बांधू लागतो, आणि कधीतरी पाच-सात वर्षांनी ते पात्र घरातले होते. त्याची सगळी किंमत या साठत गेलेल्या ओळखीत असते. करार मात्र पहिल्या दिवशी झालेला असतो, म्हणजे पात्राला काडीची किंमत नसते तेव्हा, आणि बहुधा अशा तरुणाशी, ज्याला आपले चित्र कुठेतरी छापून यावे यापलीकडे काही नको असते. किंमत तयार होईपर्यंत तो दर आठवड्याला सहा पट्ट्या आणि रविवारचे एक मोठे पान या चक्रात असा अडकलेला असतो की वकील गाठायलाही त्याला सवड नसते. या धंद्यातली असमानता कोणा एका मालकाच्या दुष्टपणातून आलेली नाही. ती कलाप्रकाराच्या घडणीतच आहे. म्हणूनच तिच्यावर उपाय करायचा तो पहिल्याच दिवशी करावा लागतो.

हे भान या व्यवसायाला अगदी बालपणातच आले होते. रिचर्ड आउटकॉल्ट यांचा पिवळ्या सदऱ्यातला पोरगा, 'यलो किड', १८९५ पासून जोसेफ पुलित्झर यांच्या न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये गाजत होता. १८९६ मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी आउटकॉल्टना आपल्या जर्नलमध्ये ओढले, तेव्हा वर्ल्डने जॉर्ज लक्स या दुसऱ्या चित्रकाराला बसवून तोच पोरगा चालू ठेवला. एकाच शहरात, एकाच वेळी, दोन प्रतिस्पर्धी दैनिकांत एकच पात्र दोघांच्या हातून हिंडत होते. रुडॉल्फ डर्क्स यांचे 'कॅट्झेनजॅमर किड्स' १८९७ मध्ये हर्स्टच्या वृत्तपत्रात सुरू झाले. पंधरा वर्षांनी ते हर्स्टपासून फुटले आणि प्रकरण कोर्टात गेले. निकाल असा लागला की शीर्षक हर्स्टकडे राहील, पण डर्क्स यांना तीच पात्रे वेगळ्या नावाखाली काढता येतील. मग कित्येक दशके तीच द्वाड पोरे दोन नावांनी, दोन चित्रकारांच्या हातून छापली जात राहिली. कायद्याला तोवर हेच पुरते उमगले नव्हते की कागदावरच्या माणसाचा धनी कोण: त्याचे नाव छापणारा, की त्याला हातपाय देणारा.

या गोंधळात एका चित्रकाराने मात्र काय करायचे ते ओळखले. बड फिशर सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या क्रीडा पानावर काम करत. १९०७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी तिथे घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणाऱ्या एका लांबुळक्या माणसाची रोजची पट्टी सुरू केली. पुढे तीच 'मट अँड जेफ' म्हणून जगभर गेली. महिनाभरातच हर्स्टच्या एक्झामिनरकडून बोलावणे आले. क्रॉनिकल सोडताना फिशर यांनी आपल्या पट्टीच्या चौकटीत स्वतःच्या हाताने बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली: स्वामित्वहक्क १९०७, एच. सी. फिशर. पान छापखान्यात गेले आणि ओळ छापून आली. क्रॉनिकलने दुसऱ्या चित्रकाराकडून पट्टी चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण या ओळीपुढे त्याला माघार घ्यावी लागली. काही वर्षांनी फिशर हर्स्टलाही सोडून गेले आणि हर्स्टच्या कंपनीने तीच युक्ती पुन्हा करून पाहिली. तो वाद न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९२१ मध्ये फिशर जिंकले. ते अफाट श्रीमंत झाले. पुढे पट्टी बहुतांशी मदतनीसच काढत, याबद्दल त्यांना नावे ठेवली जातात आणि त्यात तथ्य आहे. मालकी मिळाली म्हणजे कलावंत आपोआप कष्टाळू होतो असे नाही. पण पट्टी कशी चालवायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता, आणि त्यांच्या बहुतेक समकालीनांच्या हाती तो नव्हता.

त्यानंतर सिंडिकेटची व्यवस्था पक्की झाली. सिंडिकेट म्हणजे चित्रमालिका एकाच जागी घेऊन शेकडो वृत्तपत्रांना विकणारी संस्था. ती विक्रेते पाठवते, बिले वसूल करते, संपादन करते आणि येणारी रक्कम चित्रकाराशी साधारणपणे निम्मी-निम्मी वाटून घेते. या सोयीच्या बदल्यात विसाव्या शतकातला बराच काळ तिने पात्राची मालकीच मागून घेतली. मराठी घरांतल्या एका पिढीने या व्यवस्थेचे फळ चाखले आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळ हा ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला नायक, पण तो किंग फीचर्स सिंडिकेटचा. रे मूर यांच्यानंतर विल्सन मॅकॉय आणि त्यांच्यानंतर साय बॅरी यांनी तो काढला. मुखवटा आणि कवटीची अंगठी तशीच राहिली आणि हात बदलत गेले. फॉक १९९९ मध्ये वारले, वेताळ चालूच आहे. वाचकाला यात वावगे वाटत नाही, कारण त्याचा जीव पात्रावर जडलेला असतो. चित्रकाराच्या बाजूने पाहिले की मात्र हीच गोष्ट बोचते. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँडचे दोन तरुण 'सुपरमॅन' ही रोजची पट्टी म्हणून सिंडिकेटांना विकू पाहत होते. नकारामागून नकार आल्यावर १९३८ मध्ये त्यांनी तेरा पानांची कथा आणि तिच्याबरोबर पात्राचे सगळे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. १९७५ मध्ये, चित्रकारांच्या संघटनेने आणि वर्तमानपत्रांनी आवाज उठवल्यावर, त्यांना वार्षिक २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत जागा मिळाली. मधली सदतीस वर्षे कशी गेली असतील, याचा विचार करताना आजही मन विषण्ण होते.

मिल्टन कॅनिफ यांचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यांना काही कमी नव्हते. 'टेरी अँड द पायरट्स' ही त्यांची १९३४ पासूनची पट्टी अतिशय लोकप्रिय होती, पैसा होता, मान होता. पण टेरी सिंडिकेटचा होता. १९४६ च्या डिसेंबरअखेर त्यांनी तो सोडला आणि दोन आठवड्यांनी, १३ जानेवारी १९४७ ला, 'स्टीव्ह कॅन्यन' ही नवी पट्टी सुरू केली. दोनशेहून अधिक वृत्तपत्रे पहिल्या दिवसापासून ती छापत होती आणि त्यांतल्या अनेकांनी तिचे एकही चित्र न पाहता पैसे मोजले होते. टेरीला नवा चित्रकार मिळाला आणि तो आणखी सव्वीस वर्षे चालला. आपणच वाढवलेले पोर दुसऱ्याच्या घरी ठेवून कॅनिफ चाळिशीत नव्याने सुरुवात करायला निघाले, ते केवळ नव्या पात्राचा सातबारा स्वतःच्या नावावर हवा म्हणून. यशस्वी माणूस इतकी मोठी किंमत देतो, तेव्हा ती गोष्ट त्याला किती मोलाची वाटत असेल हे वेगळे सांगावे लागत नाही.

यावर एक सबळ आक्षेप येतो. या कलेतली काही अत्युच्च कामे दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रांतून झाली आहेत. जॉर्ज हेरिमन यांची 'क्रेझी कॅट' हर्स्टच्याच कंपनीची होती. फार थोड्या वृत्तपत्रांना ती हवी होती, संपादक कुरकुरत, तरी हर्स्टना स्वतःला ती आवडत असल्याने हेरिमन १९४४ मध्ये वारले तोवर ती चालली, आणि त्यांच्यानंतर ती दुसऱ्या कोणाला दिली गेली नाही. मालकच रसिक निघाला तर कलावंताला मालकीची गरज काय? माझे उत्तर असे, की हा राजाश्रय झाला. राजाश्रयातून थोर कला निर्माण होते हे आपल्या संगीताचा इतिहास जाणणाऱ्या कोणालाही माहीत आहे. पण राजाच्या आवडीवर एखादा व्यवसाय उभा राहू शकत नाही. हर्स्ट यांच्याच वृत्तपत्रसाम्राज्यात डर्क्स आणि फिशर यांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

चार्ल्स शुल्झ यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २ ऑक्टोबर १९५० ला सात वृत्तपत्रांत सुरू झालेल्या त्यांच्या मालिकेला 'पीनट्स' हे नाव सिंडिकेटने दिले आणि शुल्झ यांना ते आयुष्यभर आवडले नाही. तरीही त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षांत १७,८९७ पट्ट्या काढल्या, त्याही मदतनीस न ठेवता, प्रत्येक रेघ आणि प्रत्येक अक्षर स्वतः लिहून. स्नूपी बाहुल्यांवर, डब्यांवर, विमा कंपनीच्या जाहिरातींत गेला आणि तरी पट्टीतला चार्ली ब्राउन तितकाच एकाकी, तितकाच खरा राहिला. म्हणजे मालाच्या बाजारामुळे कला मरतेच असे नाही. ज्याला पात्र बाजारात न्यायचे आहे त्याने जरूर न्यावे. पण याच शुल्झ यांच्याशी कराराची बोलणी चालू असताना सिंडिकेटने दुसऱ्या एका चित्रकाराकडून गुपचूप पीनट्सच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या, गरज पडलीच तर वापरायला म्हणून. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रमालिकाकाराला बदली माणूस तयार ठेवला जातो, एवढे पाहिले की त्याच्या समाधानी कारकिर्दीकडे बोट दाखवून मालकीचा प्रश्न मिटवता येत नाही. पुढे शुल्झ यांना पट्टीवर बराच ताबा मिळाला. आपल्यानंतर दुसऱ्या कोणी पीनट्स काढू नये ही त्यांची इच्छा पाळली गेली. शेवटची रविवार पट्टी १३ फेब्रुवारी २००० ला आली, त्याच्या आदल्या रात्री ते वारले होते. ही इच्छा पाळली जाण्यामागे इतक्या वर्षांत त्यांनी मिळवलेले वजन होते. ते वजन नसलेल्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

बिल वॉटरसन यांची 'कॅल्विन अँड हॉब्ज' १८ नोव्हेंबर १९८५ ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९९५ ला त्यांनी ती स्वतः थांबवली. त्यांनी बाहुल्या आणि कपडे यांना नकार दिला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मूळ करारानुसार तो नकार देण्याचा हक्क त्यांच्याकडे नव्हता, हे फार कमी लोकांना माहीत असते. पात्रे विकण्याचा अधिकार सिंडिकेटकडे होता. वॉटरसन वर्षानुवर्षे अडून बसले आणि शेवटी १९९१ च्या सुमारास नवा करार होऊन तो अधिकार त्यांच्याकडे आला. त्या करारातून काय बदलले ते रविवारच्या पानावर डोळ्यांनी पाहता येते. अमेरिकेतली रविवारची पट्टी तीन ओळींत काढायची असते. कोणाला अर्धे पान हवे, कोणाला एक तृतीयांश, कोणाला पाव. म्हणून पहिली ओळ अशी रचायची की संपादकाने ती कापून टाकली तरी गोष्ट अडू नये, आणि खालच्या ओळींतले चौकटींचे काप ठरलेल्या जागीच यायला हवेत, म्हणजे त्या उचलून दुसऱ्या आकारात बसवता येतील. परिणामी चित्रकार दर रविवारी वरच्या ओळीत एक वरवरचा विनोद टाकतो, जो अर्ध्या वाचकांना दिसणारच नसतो, आणि त्याला मोठे आकाश काढायचे असले तरी मध्येच एक उभी रेघ मारावी लागते. नऊ महिन्यांच्या सुट्टीनंतर, १९९२ च्या फेब्रुवारीत, वॉटरसन परतले ते अर्धे पान अखंड, कापाकापीविना, या अटीवर. त्यानंतरच्या रविवारांत डायनोसॉर पानभर धावतात, कधी एकाही शब्दाविना गोष्ट पुढे सरकते, कधी चौकटी आडव्या तिडव्या कोसळतात. संपादकांनी आरडाओरडा केला, त्यांच्या पानाच्या आखणीत ही पट्टी बसेना. तरी २,४०० वृत्तपत्रांपर्यंत पोहोचलेली मालिका सोडायला फारसे कोणी तयार नव्हते. मालकी हा हिशेबाच्या वहीतला विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी १९९१ आधीचा आणि नंतरचा एकेक रविवार शेजारी ठेवून पाहावा. कराराने रेषा बदललेली तिथे दिसते.

सिंडिकेटबाहेरचा रस्ताही जुना आहे. मॅट ग्रेनिंग यांनी 'लाइफ इन हेल' ही सशांची पट्टी आधी झेरॉक्सच्या प्रतींतून विकली, मग १९८० पासून लॉस एंजेलिसच्या एका पर्यायी साप्ताहिकात. टेलिव्हिजनवाल्यांनी तीच पात्रे मागितली तेव्हा ती हातची जातील म्हणून त्यांनी ऐनवेळी एक नवेच कुटुंब रचून दिले. १९८७ मध्ये पडद्यावर आलेले ते कुटुंब म्हणजे 'द सिम्पसन्स'. जगप्रसिद्ध झाल्यावरही ससोबांची ती पट्टी ग्रेनिंग २०१२ पर्यंत काढत राहिले, आणि ती त्यांचीच राहिली. ॲलिसन बेक्डेल यांनी 'डाइक्स टू वॉच आउट फॉर' १९८३ ते २००८ अशी पंचवीस वर्षे चालवली. समलिंगी स्त्रियांच्या रोजच्या जगण्याची, राजकारणाची, भांडणांची ही गोष्ट कोणत्याही मोठ्या सिंडिकेटने त्या काळी घेतली नसती. बेक्डेल स्वतःच लहान-लहान वृत्तपत्रांना पट्टी पाठवत, स्वतःच हिशेब ठेवत. मोठ्या बाजाराला ज्यांचे ऐकायचे नसते अशा वाचकांपर्यंत पोहोचायला हाच मार्ग उरतो, आणि स्वतंत्र चित्रमालिकेने दिलेली सर्वांत अस्सल पात्रे याच मार्गावर भेटतात असे मला वाटते.

स्वतंत्र राहण्याची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते, आणि इथे दुसरा आक्षेप उभा राहतो. सिंडिकेट जी कामे करते ती सगळी स्वतंत्र चित्रकाराच्या अंगावर येतात: पाकिटे भरणे, थकलेली बिले मागणे, छपाईवाल्याशी घासाघीस, पुस्तकांचे गठ्ठे, कराचे कागद. दिवसाचा अर्धा भाग असा गेला तर चित्र कधी काढायचे? निम्मे उत्पन्न देऊन हा त्रास टळत असेल तर ते शहाणपणाचे नाही का? आहे, आणि कित्येकांसाठी तेच योग्य आहे. माझा मुद्दा निम्म्या उत्पन्नाविषयी नाही. विकणाऱ्याला विक्रीचा मोबदला मिळायला हवाच. पण विक्रीची सेवा आणि पात्राची मालकी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते हा समज इतिहासाने खोटा ठरवला आहे. कॅनिफ यांच्या स्टीव्ह कॅन्यनलाही विकणारी संस्था होतीच, फक्त पात्र त्यांचे होते.

इंटरनेट आल्यावर अनेकांना वाटले की आता हा सगळा वादच संपला. छपाई नको, सिंडिकेट नको, चित्रकार आणि वाचक थेट समोरासमोर. यातले बरेच खरे ठरले. रिच बर्लू यांची 'ऑर्डर ऑफ द स्टिक' संकेतस्थळावर फुकट वाचता येत होती, तरी २०१२ मध्ये तिची संपलेली पुस्तके पुन्हा छापण्यासाठी त्यांनी किकस्टार्टरवर ५७,७५० डॉलर मागितले तेव्हा वाचकांनी साडेबारा लाखांहून अधिक डॉलर दिले. फुकट दिलेल्या गोष्टीलाही माणसे पैसे मोजतात, कारण ती पात्राच्या प्रेमात असतात आणि पैसा थेट ते काढणाऱ्या हातात जातो हे त्यांना कळते. पण त्याच वर्षी बर्लू यांच्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि मालिका काही काळ थांबली. नोकरदाराला अशा वेळी आजारपणाची रजा असते. स्वतंत्र चित्रकाराला असते ती फक्त वाचकांची सहनशीलता. पेट्रिऑनसारख्या सेवांमुळे २०१३ पासून दरमहा छोटी वर्गणी देणारे वाचक मिळू लागले, आणि उत्पन्नाचा हा आधार पूर्वी कोणालाच नव्हता. पण डिसेंबर २०१७ मध्ये याच कंपनीने शुल्काची पद्धत एकतर्फी बदलायचे जाहीर केले, छोट्या वर्गणीदारांवर बोजा वाढणार हे दिसताच कित्येक जण बाहेर पडले, आणि ओरड झाल्यावर आठवडाभरात कंपनीला माघार घ्यावी लागली. इथे पात्र चित्रकाराचेच असते, वाचकांपर्यंतचा रस्ता मात्र दुसऱ्याच्या मालकीचा. समाजमाध्यमांवर तर वाचकाला काय दिसावे हेही परस्पर ठरते. तेव्हा मालकीचा प्रश्न मिटलेला नाही, सरकला आहे. आजच्या चित्रकाराने वाचकांचे पत्ते स्वतःकडे ठेवणे आणि स्वतःचे संकेतस्थळ टिकवणे याला फिशर यांच्या त्या बारीक ओळीइतकेच महत्त्व आहे.

तिसरा आक्षेप भारतात अधिक टोचतो: संस्था पाठीशी नसलेल्या चित्रकाराचे रक्षण कोण करणार? 'सॅनिटरी पॅनल्स' ही रेखामनुष्यांची पट्टी इंटरनेटवर चालवणाऱ्या रचिता तनेजा यांच्याविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाच्या कारवाईला डिसेंबर २०२० मध्ये ॲटर्नी जनरलनी संमती दिली. वृत्तपत्राच्या चित्रकारामागे निदान कंपनीचा वकील उभा राहतो. ही उणीव खरी आहे आणि मालकीने ती भरून निघत नाही. तिच्यासाठी चित्रकारांच्या संघटना हव्यात, जशी सीगल-शुस्टर यांच्या वेळी उभी राहिली. एवढेच म्हणेन की संस्थेची ढालही बेभरवशाची असते. वादात सापडलेली पट्टी मागे घेणे हा संस्थेला बहुधा सर्वांत स्वस्त उपाय वाटतो.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्याकडे चित्रमालिकेचा प्रवाह व्यंगचित्राच्या मानाने क्षीणच राहिला, आणि त्याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधू नये. रोज कोरी पट्टी काढून घर चालवायचे तर रोज पैसे देणारे वृत्तपत्र हवे. परदेशी सिंडिकेटची तयार पट्टी घेणे संपादकाला सोपे जाते, कारण तिचा खर्च शेकडो वृत्तपत्रांत आधीच विभागलेला असतो. म्हणून 'चिंटू'चे मोल मोठे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू केलेला हा पोरगा पुढे 'लोकसत्ता'त गेला, पुस्तकांत गेला, २०१२ मध्ये चित्रपटात गेला. दैनिक बदलले तरी तो आपल्या दोन निर्मात्यांबरोबरच राहिला, हे आउटकॉल्ट यांच्या नशिबी नव्हते. मंजुळा पद्मनाभन यांची 'सुकी' १९८२ मध्ये मुंबईच्या संडे ऑब्झर्व्हरमध्ये जन्मली, नंतर दिल्लीच्या पायोनियरमध्ये रोज आली, आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर आणखी एका वृत्तपत्रात पुन्हा अवतरली. पात्र त्यांचेच असल्याने ते इतक्या काळाने तसेच उठून चालू लागले.

आपला कायदा याबाबत चित्रकाराच्या बाजूने बराच झुकलेला आहे, पण चित्रकारांना ते क्वचितच ठाऊक असते. स्वामित्वहक्क कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्कसुद्धा, वेगळा करार नसेल तर, मालकाला फक्त वृत्तपत्रात वा नियतकालिकात छापण्यापुरताच मिळतो. बाकी सर्व बाबतींत पहिला धनी चित्रकारच. कलम १९ नुसार हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि सहीनिशी सोपवावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तोही निसटतो. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही चित्रावर आपले नाव सांगण्याचा आणि त्याची विटंबना रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडे उरतो. मराठीत बाजारच इतका लहान की या हक्काला अर्थ काय, असे विचारले जाते. पण सुपरमॅनचा बाजार १९३८ च्या मार्चमध्ये शून्य होता. पात्र लहान असतानाच एका पानाच्या पत्रात 'फक्त या दैनिकात छापण्यापुरता परवाना' एवढे लिहून घ्यायला पैसे लागत नाहीत, आणि बहुतेक संपादक त्याला हरकतही घेणार नाहीत, कारण त्यांना हवी असते ती उद्याची पट्टी.

मूळ चित्रांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. पट्टी छापून झाली की शाईने काढलेला कागद अनेक दशके सिंडिकेटकडेच राहायचा, कोणाला भेट दिला जायचा, किंवा टाकून दिला जायचा. कॅनिफ यांनी आपली कागदपत्रे जपली आणि ओहायो स्टेट विद्यापीठाला दिली. १९७७ मध्ये त्यांतूनच तिथले व्यंगचित्र ग्रंथालय सुरू झाले, जे आज बिली आयर्लंड यांच्या नावाने ओळखले जाते. वॉटरसन यांनीही आपली मूळ चित्रे तिथेच ठेवली आहेत. सूक्ष्मचित्रफितींवर घेतल्यावर ग्रंथालये जुनी वृत्तपत्रे टाकून देऊ लागली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबेर्ड यांनी कित्येक टन कागद घरात साठवून वाचवला, तोही आता याच संग्रहात आहे. या विषयाचा अभ्यासक तिथे जाऊन वॉटरसन यांच्या पट्टीवरची पेन्सिलची पुसट रेघ आणि खोडून बदललेला संवाद पाहू शकतो. महाराष्ट्रात शि. द. फडणीसांनी 'हसरी गॅलरी'तून आपली चित्रे स्वतःच लोकांसमोर नेली, ती मूळ चित्रे त्यांच्याजवळ होती म्हणून. पण दैनिकांच्या कचेऱ्यांत गेलेल्या आणि कधीच परत न मागितलेल्या मराठी पट्ट्यांचा माग आज जुन्या बांधीव अंकांतूनच काढावा लागतो, आणि तिथे त्या ज्या आकारात छापल्या गेल्या त्याच आकारात, त्याच धुरकट शाईत मिळतात. मूळ कागद परत मिळेल ही अटही त्या पहिल्याच पत्रात लिहिता येण्यासारखी आहे.